एकापासून नऊपर्यंत आणि परत

(भिवंडी येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. वर्ग संध्याकाळचा असे. दिवसपाळी करून आलेली मुलं मागच्या बाकांवर बसत. त्यांच्या केसांत आणि भुवयांवर कापसाची पांढरी भुरभुर असे. सर बोलायला सुरुवात करण्याआधी फळ्यावर एक गणित मांडत आणि खडू कुणाच्या तरी हातात देत. एका संध्याकाळी त्यांनी नऊ एक लिहिले, त्याखाली पुन्हा नऊ एक लिहिले आणि डाव्या बाजूला गुणाकाराची फुली मारली. म्हणाले, "पाढा एकचाच आहे. फक्त प्रत्येक नवी ओळ एक घर डावीकडे सरकवून लिही." खडू माझ्या हातात होता.

मी नऊ ओळी लिहिल्या. फळ्यावर एकांचा एक तिरका पट्टा तयार झाला. मग उजवीकडून बेरीज करत गेलो. पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नऊपर्यंत चढलो आणि पुढच्या रकान्यात आठच एक सापडले, मग सात, मग सहा. कुठे हातचा आला नाही. खाली उत्तर उभं राहिलं:

१२३४५६७८९८७६५४३२१

वर्ग गप्प झाला. सरांनी एकच शब्द विचारला, "का?"

आज मी फक्त या एका संख्येविषयी बोलणार आहे. तिच्यात पाहण्यासारखं इतकं आहे की तासाभरात सगळं उरकणार नाही.

आधी तिला नावाने हाक मारू. व्यवहारात वाचायची तर ती १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ अशी होते, आणि जीभ अडखळते. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एककापासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावं दिली आहेत. त्यातली बरीचशी नावं आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. त्या घरांत ही संख्या बसवून पाहा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतक, दोन दशक, एक एकक. सतरा घरं भरली. परार्धाचं अठरावं घर तेवढं रिकामं राहिलं. नऊ बरोबर मधोमध, दशकोटीच्या घरात.

ती केवढी मोठी, ते आपल्या या मागांच्या गावच्या मापाने सांगतो. प्रत्येक एकाला एक मिलिमीटर सूत द्यायचं ठरवलं, तर सूत होईल सुमारे १,२३४ कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे हे सूत सूर्यापर्यंत जाऊन परत यायच्या एकेचाळीस खेपा करील आणि तरीही कांडीवर थोडं उरेल.

आणखी एक गोष्ट आज कुणीही घरी करून पाहू शकतो. संगणकावर जमाखर्चासाठी जो तक्ता वापरतात, त्याच्या एका चौकटीत ही संख्या टाइप करा आणि ती पूर्ण दाखवायला सांगा. शेवटचा २१ जाऊन तिथे ०० आलेलं दिसेल: १२३४५६७८९८७६५४३००. असे तक्ते पंधराच अंक धरून ठेवतात, आपल्या संख्येला सतरा लागतात. खडूने केलेलं उत्तर मात्र शेवटच्या एकापर्यंत बरोबर असतं. ज्या मुलांना वाटतं की यंत्र आल्यावर हाताच्या गुणाकाराचं काम संपलं, त्यांना मी हे आवर्जून करायला लावतो.

आता सरांच्या 'का?'कडे वळतो.

माझ्या हातात हा ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी असं कापड घडीच्या काचेखाली धरून इंचाला किती उभे आणि किती आडवे धागे आहेत ते मोजलेलं असेल. या तुकड्यात मी नऊ उभे आणि नऊ आडवे धागे लाल शाईने रंगवून आणले आहेत. एक लाल धागा दुसऱ्या लाल धाग्याला जिथे ओलांडतो, अशा जागा किती? नऊ नवे एक्क्याऐंशी. आता कापड एका कोपऱ्याने वर धरा आणि तिरक्या ओळींनी मोजा. कोपऱ्यावर एकच जागा. त्याखालच्या तिरक्या ओळीत दोन. मग तीन, चार. सगळ्यात लांब ओळ मधली, तिच्यात नऊ. तिथून पुन्हा आठ, सात, आणि समोरच्या कोपऱ्यावर एक.

गुणाकारात हेच घडतं. वरच्या संख्येतल्या प्रत्येक एकाला खालच्या संख्येतला प्रत्येक एक भेटतो. एककाचा दशकाशी गुणाकार दशकाच्या घरात जातो आणि दशकाचा एककाशीही तिथेच जातो, म्हणून त्या घरात दोन. शतकाच्या घरात येणाऱ्या जोड्या तीन. रकाना म्हणजे कापडावरची तिरकी ओळ. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा, ८१ येते. तो या एक्क्याऐंशी ओलांडण्यांचाच हिशेब आहे. हातचा कुठेच आला नाही, म्हणून एकही हरवली नाही. संख्या उलटी वाचली तरी तीच राहते, कारण चौकोनी कापड कुठल्या कोपऱ्याने उचललं याने मोजणी बदलत नाही.

एकदा हे दिसलं की तो आकडा आपला होतो. जादू म्हणून दाखवलेली गोष्ट दाखवणाऱ्याच्या मालकीची राहते. कारणासकट दाखवलेली गोष्ट बघणाऱ्याला मिळते.

अशी कारणं ज्यांनी आयुष्यभर शोधली, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव आज भिवंडीत घ्यायचं आणखी एक निमित्त आहे. ते याच मुलखातले. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून होते, ज्योतिषाचा नाद असलेले, आणि आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. शाळा ठाण्यात, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. गणितातली त्याहून वरची पदवी त्यांनी घेतली नाही.

आपल्या संख्येला जे कुळनाव आहे, ते कापरेकरांनीच दिलेलं आहे: डेमलो संख्या. डेमलो म्हणजे खाडीपलीकडची आपली डोंबिवली. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या त्या स्टेशनावर या संख्यांचा अभ्यास करावा हे त्यांना सुचलं आणि त्यांनी स्टेशनाचं नाव संख्यांना देऊन टाकलं. गणितात संख्यांना माणसांची नावं मिळतात. एका लोकलच्या स्टेशनाचं नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. रोज डोंबिवलीला उतरणाऱ्या लाखो माणसांना हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डेमलो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन तुकडे करायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा तुकडा मिळवले की बेरीजही त्याच अंकाची यायला हवी. २५५३ घ्या: मधे ५५, आणि कडेचे दोन आणि तीन मिळून पाच. आता आपली मोठी संख्या घ्या. मधे ९. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. मिळवा: ९९९९९९९९. आठही घरांत नऊ. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी जी एकांच्या वर्गांची पायरी-पायरीने चढणारी रांग आहे, तिला कापरेकरांनी 'अद्भुत डेमलो' म्हटलं. हातचा न येता उभी राहणारी त्यातली शेवटची आणि सर्वांत मोठी संख्या म्हणजे आपली ही. के. आर. गुंजीकरांबरोबर त्यांनी १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात डेमलो संख्यांच्या सिद्धांतावर लेख लिहिला आणि १९४८ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक काढलं.

ही रांग मात्र कापरेकरांच्याही फार आधीची आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांचा 'गणितसारसंग्रह' १९१२ मध्ये एम. रंगाचार्यांनी मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह छापवला. गुणाकाराच्या उदाहरणांत महावीराचार्य एक गणित घालतात: २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर येतं १२३४५६५४३२१. आपल्याच रांगेतली सहावी पायरी! ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि ५२९१ गुणिले २१ म्हणजे ११११११. घरं मोजा: सहा एक.  आणखी एका गणितात ते १२३४५६७९ ला ९ ने गुणायला सांगतात आणि नऊ एकांची माळ बाहेर येते. अशा उत्तरांना ते गळ्यातल्या कंठ्याची उपमा देतात, कारण कंठा दोन्ही टोकांकडून सारखाच दिसतो. अमोघवर्षाच्या राजवटीतले शिलालेख आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. त्यांत उत्तर कोकणचे शिलाहार त्याचे मांडलिक म्हणून येतात. म्हणजे हा ग्रंथ झाला, तेव्हा हा आपला मुलूखही त्याच छत्राखाली होता.

महावीराचार्यांचा तो १२३४५६७९ नीट पाहून ठेवा. त्यात आठ नाही. तो पुन्हा येणार आहे.

आता एक आक्षेप. तो खरा आहे आणि त्याला बगल देणं बरं नाही. इंग्लंडचे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचं उदाहरण घेतलं. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच: ८७१२ हे २१७८ च्या चौपट, ९८०१ हे १०८९ च्या नऊपट. अशा गोष्टी वर्तमानपत्राच्या कोड्यांत शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही नाही, असा त्यांचा निवाडा. कापरेकरांच्या कामाकडेही बराच काळ याच नजरेने पाहिलं गेलं. आक्षेपाचा गाभा असा की हे गुण संख्येचे नाहीत, दहाच्या पद्धतीने लिहिण्याचे आहेत. कापडाची नक्षी कापडाची असते, अंगाची नसते.

मला हा फरक मान्य आहे. म्हणून अंग आणि कापड वेगळं करून पाहू.

अंगाचे गुण, म्हणजे कुठल्याही लिपीत आणि कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी टिकणारे: ही संख्या विषम आहे, पूर्ण वर्ग आहे. नऊ एकांचे मूळ अवयव पाडले की दोन तीन, एक ३७ आणि एक ३३३६६७ मिळतात. म्हणून आपल्या संख्येत चार तीन, दोन ३७ आणि दोन ३३३६६७ आहेत, आणि तिला निःशेष भागणाऱ्या संख्या पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५. परग्रहावरचा गणितीही हेच सांगेल.

कापडाचे गुण म्हणजे उलट-सुलट सारखं असणं, चढण-उतरण, अंकांची बेरीज. पण तो चढ-उतार तरी दहाचाच आहे का? सोळाच्या पद्धतीत नऊ एकांचा वर्ग करा, अंक तेच दिसतील, आणि तिथे पंधरापर्यंत चढता येईल. तिरक्या ओळींची मोजणी कुठल्याही मागावर तीच. दहाच्या पद्धतीने फक्त ठरवलं की हातचा कुठे येणार. म्हणजे नक्षीच्या खालीही वीण आहे, आणि वीण खरी आहे. हार्डींशी मी इथे सहमत नाही.

अंग आणि कापड यांची गाठ जिथे पडते, ती जागा मला सगळ्यात प्रिय आहे. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं: हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिच्यात चार तीन आहेत, म्हणजे ८१ आहे. भाग जातो, भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. नऊची कसोटी शाळेत शिकवतात, पण २७ ला किंवा ८१ ला ती चालत नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर ९ उरतात. मग इथे का जमलं? कारण नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून त्या माळेला नऊने भाग जातो आणि भागाकार येतो आठ हरवलेला १२३४५६७९. वर्ग केला की नऊचे ८१ होतात. वरचा तो भागाकार म्हणजे १२३४५६७९ चाच वर्ग. अद्भुत डेमलोंच्या पहिल्या नऊ पायऱ्यांत हर्षद तीनच: पहिली, तिसरी आणि नववी. बाकीच्या सहा जणींना अंकांच्या बेरजेने भाग जात नाही. मी त्या सगळ्या एकदा रात्री बसून करून पाहिल्या, आणि नववीला पोचल्यावर शब्द शोधावा लागला नाही; कापरेकरांनी तो देऊन ठेवला होता.

त्याच गाठीतून आणखी एक धागा निघतो. आपली संख्या मधल्या नऊच्या आधी तोडा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. मिळवा. ९९९९९९९९९. नऊ वेळा नऊ. कारण आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९ आहे. पडताळा सोपा: १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा.

कापरेकरांचं नाव जगाला माहीत आहे ते ६१७४ मुळे. त्यासाठी लांब जायला नको. भिवंडीचा पिनकोड ४२१३०२. त्यातले पहिले चार अंक घ्या: ४२१३. उतरत्या क्रमाने ४३२१, चढत्या क्रमाने १२३४. वजा करा: ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. पुन्हा, ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४. चारही अंक सारखे नसतील तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा मास्तरांनी सत्तरी गाठली होती. निवृत्तिवेतन पुरत नव्हतं, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करत होते. १९८६ मध्ये ते गेले.

आपल्या संख्येची चढण १२३४५६७८९ आणि उतरण ९८७६५४३२१. मोठीतून लहान वजा केली तर ८६४१९७५३२. एक ते नऊ सगळे अंक पुन्हा एकेकदा! म्हणून उतरता-चढता क्रम लावून वजाबाकी केली की पुन्हा हीच संख्या येते. सगळ्याच नऊ अंकी संख्या इथे पोचत नाहीत. जी पोचली ती मात्र ६१७४ सारखी तिथेच थांबते. आणि चढण-उतरण मिळवली तर? १११११११११०. जिथून निघालो ते नऊ एक, पुढे एक शून्य.

आता दहा एक.

माझ्या उत्तराच्या दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर दहा एक मांडले आणि खडू मागच्या बाकावर दिला. तो मुलगा रात्रपाळीला जाणारा होता, डबा बाकावर ठेवून उठला. दहा ओळी लिहिल्या. उजवीकडून एक, दोन, तीन असं नऊपर्यंत भराभर आला. मधल्या रकान्यात दहा एक निघाले. त्याने शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊ, त्यात हातचा, पुन्हा दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. पुढे आठ आणि एक, नऊ. मग सात, सहा, आणि खाली उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

वर्गात कुजबुज झाली. कुणाला वाटलं चुकलं. त्याने खडूने पुन्हा रकाने मोजले, उत्तर तेच. नक्षी मधेच तुटली होती आणि डाव्या बाजूला महावीराचार्यांचा तो १२३४५६७९ येऊन बसला होता.

सरांनी विचारलं, "आठ कुठे गेला?"

तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, आठ गेला नाही. त्याला हातचा मिळाला, तो नऊ झाला."